दोन हजार वाव उंचीचे डोहाळे

बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, फार तर भाजकी माती लागते. माझ्या सुनेला डोंगर लागला.

तोही साधासुधा नाय. आमच्या नाटे गावातला सडा, मागचं कातळाचं पठार, चढायचा म्हणाली असती, तर रोज संध्याकाळी हाताला धरून नेली असती. तिला पाहिजे होता हिमाचलातला, तेरा हजार फुटांवरचा. आता फुटांचं मला काय कळत नाय. चाळीस वर्षं मी तांडेल होतो, मच्छीमारी बोट माझ्या हुकमावर चालायची. आम्ही दर्यावर खोली मोजतो ती वावांत. दोन्ही हात पसरले की झाली एक वाव. म्हणून मी मनात हिशेब मांडला, आणि माझंच डोकं गरगरलं. दोन हजार वाव, आणि वर थोडं! एवढ्या पाण्यात मी कधी नांगर टाकला नाय, आणि ही पोटात पोर घेऊन तेवढं वर जाते म्हणते.

हे खूळ घातलं माझ्या मुलानं, सर्वेशनं. तो तिकडे रस्त्याच्या कामावर ड्रिलिंगचं मशीन चालवतो. श्रावणात त्यानं एक व्हिडिओ पाठवला. उघडाबोडका डोंगर, मागे बर्फ, आणि त्याच्या तळहातावर एक काळा दगड. दगडात शिंपला, गोल गोल वळत गेलेला, अंगावर बारीक रेघा. "आप्पा, ओळखा बघू कुठला? इथे पूर्वी समुद्र होता. साहेब लोक सांगतात." मी म्हटलं, मेल्या, बापाची चेष्टा करतोस? समुद्र कुठे होता ते तांडेलाला शिकवतोस?

पण दिशानं तो व्हिडिओ बघितला तो बघितलाच. दिशा म्हणजे माझी सून, पालीची. लग्न होऊन येईस्तोवर तिनं समुद्र फक्त सहलीला बघितलेला, पण आल्यापासून माझ्या मागे लागून वाऱ्यांची नावं शिकली. तेव्हा तिला चौथा महिना होता. त्यानंतर रोज पहाटे तिला एकच स्वप्न पडायला लागलं. ती त्या डोंगरावर उभी असते आणि खालून पाणी चढत येतं. गार, निळं, आवाज न करता. आधी पावलं बुडतात, मग गुडघे, मग पोट. पोटाला पाणी लागलं की आतलं बाळ पोहायला लागतं आणि हिला जाग येते. जागी झाली की तोंडाला चव नाय. घावन नको, बांगड्याची आमटी नको, पेज नको. खिडकीशी बसून राहायची. म्हणायची, "आप्पा, मला तिथे एकदा उभं राहायचंय. फक्त एकदा."

"डोहाळे हत ते," माझी बायको मालन म्हणाली. "पुरवायचे असतात."

"पुरवायचे असतात म्हणजे? पोटुशीला काय हिमालयात झोपाळा बांधून देऊ?"

"नाय पुरवले तर पोर लाळ गाळतं," ती एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याला कारण होतं. सर्वेश चार वर्षांचा होईपर्यंत लाळ गाळत होता. शर्टाचा पुढा सदा ओला. बंदरावरची पोरं त्याला 'गळकी होडी' म्हणायची. मालन पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि अशीच माझ्याकडे बघायची. ते का, ते सांगतो नंतर.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंना मी समोर बसून विचारलं. बाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "वर हवा विरळ असते, आप्पा. आई दमते, आणि बाळ जगतं ते आईच्याच श्वासावर. सगळं नीट आहे, तपासण्या चांगल्या आहेत, तर सात हजार फुटांपर्यंत जा. आराम करा, पाणी प्या. त्याच्या वर अजिबात नाही." मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. मी माणसं सुखरूप आणण्यातच आयुष्य काढलंय.

तेव्हा ठरलं ते असं. मी आणि दिशानं सात हजार फुटांवरच्या गावात जायचं. सर्वेशनं दोन दिवसांची रजा काढून खाली यायचं. बर्फ लांबून बघायचा, नवऱ्याला जवळून बघायचं, आणि घरी. मालनचे गुडघे गेलेले, म्हणून ती मागे राहिली. तिनं सोडे, मेतकूट, आमसुलं आणि खोबरेल तेलाची बाटली दिली. ते तेल दुसऱ्याच दिवशी थंडीनं दगड झालं.

ते गाव म्हणजे नुसती सफरचंदं. घरांच्या मागे, रस्त्याच्या कडेला, झाडं लाल झालेली. सकाळी दरीत धुकं भरायचं आणि वर शेंडे तेवढे उरायचे. दिशा गॅलरीत शाल घेऊन बसायची आणि म्हणायची, "आप्पा, भरती आली." दहा वाजेपर्यंत ओहोटी लागायची आणि तळातली नदी दिसायची. चार दिवसांत पोरीच्या गालांना रंग चढला. दोन-दोन पराठे खायला लागली. मला वाटलं, जिंकलं आपण.

पाचव्या दिवशी सर्वेशचा फोन आला. कामाच्या पलीकडे, आणखी वर, दरड कोसळली होती. सगळ्या मशीनवाल्यांच्या रजा रद्द. आठवडा तरी सुटका नाय, आणि आमची परतीची गाडी तीन दिवसांवर. आवाज तुटत होता. "दिशा, पुढच्या वेळी..." एवढं ऐकू आलं आणि लाईन गेली.

ती रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुढ्यातलं ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "स्वप्नात पाणी आलं नाही आज. मी कोरडीच उभी होते." थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पा, रस्ता तिथपर्यंत चालू आहे. ड्रायव्हर म्हणतो पाच तास. मी बघते, त्याला भेटते, तासाभरात खाली येऊ. झोपायचंसुद्धा नाही तिथे. न्याल मला?"

मी 'नाय' म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला मालन दिसली.

तेहेतीस वर्षांमागची मालन. सर्वेश पोटात, सातवा महिना. संध्याकाळी बोटीवर आम्ही जाळं दुरुस्त करत बसलेलो, मी आणि माझे पाच खलाशी. ही डबा घेऊन धक्क्यावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला एकदा न्याल? किनारा दिसेनासा होतो ना, तिथपर्यंत. मला बघायचंय चारी बाजूंनी पाणी कसं दिसतं ते." गरोदर बाई बोटीवर! आमच्यात तेव्हा साधी बाईसुद्धा चढवत नव्हते. आणि मी हसलो. असा मोठ्यानं हसलो की खलाशीपण हसायला लागले. गंगाराम नावाचा माझा खलाशी तर हसून हसून आडवा झाला. मालननं डबा ठेवला आणि घरी गेली. त्यानंतर आजपर्यंत त्या बाईनं माझ्याकडे काय मागितलं नाय. साडी नाय, दागिना नाय, देवदर्शन नाय. मी आणलं तर घेतलं. मागितलं नाय.

म्हणून मी दिशाला म्हटलं, "चल."

डॉक्टरीणबाईला दिलेला शब्द? तो मी खिशात घातला. तांडेलाची एक खोड असते. रिकाम्या जाळ्यानं बंदरात यायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. थोडं पुढे, अजून थोडं पुढे, असं करत जातो. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. बोटीवर तांडेल ठणठणीत असला की त्याला वाटतं, सगळेच ठणठणीत.

गाडी सुटली. पहिले दोन तास सगळं छानच होतं. मग झाडं कमी झाली, मग झुडपं, मग गवत. शेवटी नुसती माती आणि दगड, पिवळे, जांभळे, राखाडी. आभाळ एवढं गडद की दिवसाढवळ्या चांदण्या दिसतील असं वाटावं. माणूस नाय, पाखरू नाय. आणि काय सांगू, मला ते ओळखीचं वाटायला लागलं. मोठ्या ओहोटीला आमच्याकडे खडप, पाण्याखालचा खडकाळ तळ, उघडं पडतं, तसंच ते होतं, पाणी आत्ताच सरकल्यासारखं. मी काचेतून वर बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पाण्याचा पृष्ठभाग तिथे वर असणार, त्या बर्फाच्याही वर, आणि आम्ही तळाशी चाललोय, आमची गाडी म्हणजे एखादी चिंबोरी. माझ्या डोक्यावरून मासे जात होते, खरंच सांगतो. सुरमई, हलवा, मोठा वागळी मासा पंख हलवत. मुलगा खोटं बोलत नव्हता. इथे दर्या होता.

"दिशा, बघ गो! अगदी खडप!"

ती काय बोलली नाय. मला वाटलं, ती पण माझ्यासारखीच बघत असेल.

मी छाती भरून श्वास घेत होतो. लहानपणी कालवं काढायला बुड्या मारलेल्या, माझी छाती अजून शाबूत. मला काय होत नव्हतं. म्हणून तासभर मी मागे वळून नीट बघितलंच नाय. हे मी स्वतःला माफ केलेलं नाय, आणि करणारपण नाय.

चहाच्या टपरीशी गाडी थांबली. पाटीवर साडेअकरा हजार लिहिलेलं. दिशा दार उघडून उतरली, चार पावलं गेली आणि खाली बसून ओकली. तोंड पांढरंफटक, ओठ जांभळे. एकेक शब्द बोलायला तिला थांबावं लागत होतं.

"डोकं... फुटतंय. काही नाही. होईल बरं."

"कधीपासून?"

"तासभर." मग तिनं पोटावर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. "आप्पा, बाळ हललं नाही. गाडीत बसल्यापासून नाही. रोज या वेळेला उड्या मारतं."

आवशीचा घो, मी काय करून बसलो! मी ओरडलो, "गाडी फिरव! भाई, गाडी घुमाव! नीचे! एकदम नीचे!"

आणि दिशा म्हणाली, "नाही."

दगडावर बसून, धापा टाकत, "नाही. दीडच तास राहिलाय. इतकं आलो. आप्पा, मी परत कधी येणार? माझं ऐका. तो वाट बघत असेल. तुम्ही कबूल केलंय!" आणि मग ती रडायला लागली, लहान पोर रडतं तशी, नाक वाहतंय, पुसायचं भान नाय. "तुम्ही पण सगळ्यांसारखेच. तुम्हाला वाटतं, बाईचं खूळ आहे. हसाल तुम्ही घरी जाऊन."

मी तिच्यासमोर मातीत बसलो. सासरा सुनेसमोर असा बसत नाय, पण बसलो.

"नाय हसणार," मी म्हटलं. "एकदा हसलोय, पुरे झालं. ऐक, बाय. तुझी हौस खरी आहे. ते खूळ नाय. मी स्वतः आत्ता तिथे मासे बघितले. पण मी तांडेल आहे आणि तू माझ्या बोटीवर आहेस. तुझा श्वास संपत आलाय, आणि त्याच श्वासावर आतलं एक माणूस बसलंय. त्याला विचारायची सोय नाय. त्याच्या वतीनं मी बोलतोय. आपण परत फिरायचं. शिव्या घाल, आयुष्यभर बोलू नको माझ्याशी, पण फिरायचं."

मी तिला उचलल्यासारखी करून गाडीत बसवली. ड्रायव्हरकडे लहानसं ऑक्सिजनचं नळकांडं होतं, ते तिच्या नाकाशी धरलं.

तो उतार मी कधी विसरणार नाय. आता मला मासे दिसत नव्हते, दर्या दिसत नव्हता. नुसता तिचा श्वास ऐकत होतो. एक, दोन, तीन, थांबला, चार. गवत दिसलं. झुडपं दिसली. मी आमच्या गावच्या देवाला मनातल्या मनात गाऱ्हाणं घालत होतो. बा महाराजा, चूक माझी आहे, शिक्षा मला कर, त्या दोघांना हात लावू नको. पहिलं सफरचंदाचं झाड दिसलं तेव्हा दिशाचे ओठ माणसाचे झाले होते. ती डोळे मिटून पडलेली. मला वाटलं, झोपली.

"आप्पा," ती म्हणाली.

"काय गो?"

"लाथ मारली." मग हसत, रडत, "परत मारली! आप्पा, जोरात!"

साठी उलटलेला माणूस मी, ड्रायव्हरसमोर ओक्साबोक्शी रडलो. त्यानं बिचाऱ्यानं आरसा वर केला.

खालच्या दवाखान्यात त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले. घोडा पळावा तसे. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कौन ले गया ऊपर?" मी म्हटलं, "मैं." त्यानं मला चांगलंच झापलं. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याला बघून घेतलं असतं. मान खाली घालून ऐकून घेतलं.

आम्ही निघायच्या आदल्या दुपारी सर्वेश आला. मशीनसाठी डिझेल भरायला खाली आलेल्या टँकरवर बसून, धुळीनं पांढरा, हातात अर्धा तास. तिथला दगड उचलायला बंदी आहे, म्हणून त्यानं शिंपला ओल्या मातीच्या गोळ्यावर दाबून त्याचा ठसा आणला होता. दिशानं तो ठसा पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. मी उठून बाहेर गेलो. खिडकीतून तिचं बोलणं ऐकू आलं, "गार लागतंय रे. पाण्यासारखं." त्या रात्री ती पोटभर जेवली.

नाट्यात घरी पोचलो. दिशा आत गेली, आणि मालननं ओटीवर मला पाणी देऊन विचारलं, "पुरवलेत?"

"नाय," मी म्हटलं. "अर्ध्यावरून फिरवली." आणि सगळं सांगितलं. पाटी, ओठ, बाळ. काय लपवलं नाय. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, "मालन, तेव्हा तुला सातवा होता. तुला नेली नाय, ते चुकलं नाय. आज तशी असतीस तरी नसती नेली. पण मी हसलो गो. सगळ्यांसमोर हसलो. ते चुकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रिकामा तांब्या उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, संपलं बोलणं. थोड्या वेळानं दारात आली आणि म्हणाली, "मग आता न्या."

तेहेतीस वर्षांनी मागितलं त्या बाईनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगारामची होडी मागितली. तोच गंगाराम, आता माझ्यासारखाच म्हातारा. कुणाला नेतोस म्हणाला. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि स्वतः पाण्यात उतरून मालनला होडीत चढायला हात दिला. "वहिनी, सावकाश," म्हणाला.

दर्या शांत होता. दिशा धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती, दुसरा हात पोटावर. मालन पदर कमरेला खोचून पुढच्या फळीवर बसली, पाठ माझ्याकडे. माडांची रांग बारीक झाली, मग दीपगृह, मग सडे. ऑक्टोबरातलं धुरकट हवामान, त्यामुळे किनारा लवकर पुसला गेला. मी इंजिन बंद केलं. चारी बाजूंनी पाणी, आणि होडीला लाटा लागायचा तेवढा आवाज.

ती हळूहळू वळली. एक फेरी पुरी करून चारी दिशांना बघितलं. हात खाली सोडून पाण्याला लावला. मला वाटलं आता रडेल, नायतर मला दोन शब्द सुनावेल. मी दोन्हीला तयार होतो.

"एवढंसंच मागितलं होतं मी," मालन म्हणाली.

मी इंजिनाची दोरी हातात धरून बसून राहिलो, ती परत फिरूया म्हणेपर्यंत.